स्टाफरूमच्या भिंतीसाठी

पोस्टर बनवायचं अ‍ॅप, कॅनव्हा, नंतर उघडा. ते कुठे लागणार हे आधी ठरवा. न्यूझीलंडच्या शाळांत माओरी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, मुलांबद्दल शिक्षकांच्या मनात जे पूर्वग्रह असतात, त्यांवर पोस्टर करायचं तर वाचक शिक्षक आहेत. माझं पहिलं पोस्टर मी कॉरिडॉरमध्ये लावायला निघाले होते. ‘बाईंना तुझ्याकडून फारशी अपेक्षा नाही’ हे पोरांनी रोज डबा खाताना वाचायचं की काय! जागा स्टाफरूमचीच.

मग थोडं वाचून घ्या, नाहीतर समोरचा ‘पुरावा काय?’ म्हणून मोकळा होतो. शिक्षणसंशोधक क्रिस्टीन रूबी-डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा ऑकलंडमधला २००६चा अभ्यास हाताशी ठेवा. वर्षाच्या सुरुवातीला माओरी मुलांच्या आणि इतरांच्या वाचनात म्हणण्यासारखा फरक नव्हता, तरी शिक्षकांच्या अपेक्षा मात्र कमी होत्या. वर्षअखेर सगळ्यांत कमी प्रगती याच मुलांची झाली. २००१ला सुरू झालेल्या ‘ते कोताहितांगा’ या संशोधन प्रकल्पात रसेल बिशप यांच्या गटाने शिकण्यावर कशाचा परिणाम होतो, हे माओरी मुलांनाच विचारलं. मुलं शिक्षकांशी असलेल्या नात्याबद्दल बोलली, तर बऱ्याच शिक्षकांनी बोट दाखवलं ते मुलांकडे आणि त्यांच्या घराकडे. पोस्टरने नेमकं हे बोट वळवायचं आहे. म्हणून खिडकीशी बसलेलं बिचारं पोर चित्रात नको. शिक्षकाची कृती दाखवा.

माझ्या पोस्टरवर मी हजेरीपटाचं चित्र काढलं. एका नावापाशी पेन अडखळलेलं, शाईचा ठिपका पसरलेला. माओरीत नाव ‘ङ’ने सुरू होऊ शकतं. आपल्याकडे तो ‘वाङ्मया’पुरता उरलाय, पण निदान मुळाक्षरांत भेटलेला असतो. वर्गात मात्र शिक्षकांचं तिथे खाकरणं, हसणं, आणि शेवटी सोयीचं टोपणनाव.

माओरी शब्दांचं शुद्धलेखन स्वतः तपासू नका. माओरी रोमन लिपीत लिहितात, तिथे स्वरावरची आडवी रेघ म्हणजे दीर्घ उच्चार. ‘केके’ हा शब्द रेघांशिवाय लिहिला तर केक, दोन्ही स्वरांवर रेघ दिली तर काख. दिन आणि दीन यांवरून मार्क कापले गेलेल्यांना हे सांगायला नको. निवडलेल्या फाँटमध्ये ती रेघ छापली जाते ना, हेही पाहा. जवळच्या इवीतल्या, म्हणजे तिथल्या माओरी समाजातल्या, जाणत्या माणसाला मजकूर दाखवा. त्यांचा वेळ फुकटचा धरू नका, मानधन आधी ठरवा. इंटरनेटवरून उचललेलं मोको, म्हणजे चेहऱ्यावरचं गोंदण, सजावटीला अजिबात नको. ते कुणाच्या तरी कुळाची ओळख असतं.

मुलाचं वाक्य किंवा फोटो घेतलात तर त्याची आणि घरच्यांची लेखी परवानगी घ्या.

छपाई ए-थ्री, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच तेवढी दिसते. माओरी रीतीत डोकं ‘तापू’, पवित्र. अन्नाशी त्याची सरमिसळ करत नाहीत. त्यामुळे चेहरा असलेलं पोस्टर किटली-बिस्किटांच्या टेबलावर नको. आमच्याकडे रिकामी भिंत नेमकी तेवढीच होती. शेवटी झेरॉक्स मशीनवरची जुनी वेळापत्रकं काढायला लावली.