खेड्यातल्या दवाखान्यात नळ मोजू नका

इंदूरहून धार, झाबुआ, बडवानीकडे आरोग्य केंद्रांच्या पाणी-स्वच्छतेच्या कामाला निघालेली मुलं हमखास एकच विचारतात: ताई, चेकलिस्ट कुठली घेऊ? कायाकल्पची, म्हणजे सरकारच्या दवाखाना-स्वच्छता योजनेची घ्या, नाहीतर डब्ल्यूएचओ-युनिसेफची वॉश फिट घ्या, फरक पडत नाही. घोळ होतो तो ‘पाणी उपलब्ध आहे का’ या रकान्यात.

तिथे सगळे ‘हो’ लिहितात, आणि खोटंही लिहीत नाहीत. बोअर आहे, मोटर आहे, गच्चीवर काळी टाकी आहे, लेबर रूममध्ये कोपराने उघडायचा नळ आहे. सकाळी अकराला नळ उघडला की धार लागते. रात्री तीनला बाळंतीण येते तेव्हा तोच नळ नुसता फुसफुसतो.

कारण बरेचदा विजेच्या खांबावर असतं. मध्य प्रदेशात घरगुती फीडरला (फीडर म्हणजे वीज पुरवणारी लाइन) चोवीस तास वीज देण्याची व्यवस्था आहे, शेतीच्या फीडरला साधारण १० तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. केंद्राचे दिवे घरगुती लाइनवर आणि बोअर मात्र कंपाउंडबाहेर, शेतीच्या लाइनवर. पंखा फिरतोय, लसींचा फ्रिज चालू आहे, मग पाण्याची शंका कुणाला येणार? हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नाही, आणि त्याचा राग अजून जात नाही. म्हणून पुन्हा सांगते: बोअर कुठल्या फीडरवर आहे ते आधी विचारा. डॉक्टरांना नाही, मोटर चालू करणाऱ्याला.

मग टाकीचा हिशोब घाला. डब्ल्यूएचओचं मान एका बाळंतपणाला १०० लिटर, दाखल रुग्णाला दिवसाला ४० ते ६०, ओपीडीतल्या माणसामागे ५ असं आहे. साठ जणांची ओपीडी, चार खाटा, दोन बाळंतपणं म्हटली तरी सातशे लिटर झाले, फ्लशचं वेगळं. टाकी पाचशेची असेल आणि वीज संध्याकाळी गेली, तर पुढचं सांगायला नको.

आणखी एक खूण. लेबर रूमच्या दारामागे बघा. झाकण ठेवलेला निळा ड्रम, त्यावर उपडा मग, शेजारी साबणाची झिजलेली वडी दिसली, की ‘पाणी आहे’ म्हणून केलेल्या तुमच्या खुणेला काही अर्थ नाही. तो ड्रम सिस्टरने स्वतः भरवून घेतलेला असतो. तिला ‘हे काय?’ म्हणून टोकू नका. रात्रीची सगळी हकिगत तिच्याकडेच आहे. माझं तर ठाम मत आहे की या कामातले खरे गुरू सिस्टर आणि सफाईवाली बाई. भोपाळहून गाडीतून येणारे सल्लागार नंतर भेटले तरी चालतात.

१५ ऑक्टोबरला हात धुण्याचा दिवस, बॅनर, फोटो, साबणवाटप हे सगळं करा, हौस असेल तर. पण त्याला काम समजू नका.

क्लोरीनचं थोडक्यात: गच्चीवर नाही, शेवटच्या नळाला तपासा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक हवं. ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहिलं की जोर जातो, त्यामुळे वास येतो म्हणून समाधान मानू नका. झाबुआ-धारच्या बोअरला फ्लोराइडची तपासणी वेगळी करून घ्या. क्लोरीनने ते जात नाही. संडासाबाहेर पाच मीटरच्या आत पाणी आणि साबण दोन्ही हवेत, एक असून चालत नाही.

घाबरू नका, एवढ्याला मोठा प्रकल्प लागत नाही. मोठी टाकी, स्टार्टरची दुरुस्ती असल्या खर्चाला रोगी कल्याण समिती, म्हणजे दवाखान्याचा स्थानिक निधी सांभाळणारी समिती असते. आपल्या इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलातूनच ही कल्पना १९९४ मध्ये निघाली, तेव्हा बैठकीत विषय मांडताना संकोच कसला? बोअर घरगुती फीडरवर घ्यायचा अर्ज मात्र वीज कंपनीकडे, केंद्राच्या लेटरहेडवर, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने द्यावा लागतो. तुमच्या संस्थेच्या कागदाला तिथे कुणी विचारत नाही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कारण पुढच्या खेपेला खुर्चीत दुसराच माणूस असतो.