गाईच्या दुधाला ४२ फॅट

गावच्या दूध संस्थेसाठी संकलनाचा प्रोग्रॅम मी लिहिला, सी-शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स हे विंडोजचे फॉर्म बनवायचं साधन वापरून. फॉर्मवर रकाने मोजकेच: सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). पहिल्याच दहा दिवसांच्या बिलात एका आबांच्या गाईला ४२ फॅट लागलेली निघाली. सचिव म्हणाले, "आबा, ही गाय मला द्या की." सगळे हसले. मला हसू आलं नाही, चूक माझी होती.

घाईत ४.२ ऐवजी ४,२ पडलं होतं. टिंब आणि स्वल्पविराम कीबोर्डवर शेजारी-शेजारी. टाइप केलेल्या मजकुराचा आकडा करायला मी डेसिमल.ट्रायपार्स हे फंक्शन वापरलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण हे फंक्शन एरवी हजाराचे स्वल्पविराम चालवून घेतं, आणि ते योग्य जागी आहेत का हे बघतच नाही. स्वल्पविराम गेला, ४२ उरले. तेव्हा त्याला नंबरस्टाइल्समधलं फक्त अलाउडेसिमलपॉइंट (दशांशाचं टिंब चालवणारा पर्याय) द्या आणि कल्चर, म्हणजे आकडे लिहायची देशोदेशीची पद्धत, इन्व्हेरियंट (कुठल्याच देशाची नाही अशी) ठेवा. मग ४,२ नापास होतं.

आकडा वाचता आला म्हणजे तो खरा असं नाही. मी दोन हद्दी ठेवतो. १ ते १५ च्या बाहेरची फॅट घ्यायचीच नाही. गाईला ५.५ च्या वर लागली तर मात्र फक्त विचारायचं: "गाय, फॅट ६.१. बरोबर?" जर्सीला कधी खरंच लागते, तिला अडवायचं कशाला? विचारताना 'नाही' हे बटण डीफॉल्ट ठेवा. रांगेत वीस किटल्या असताना सचिव न वाचता एंटर मारतात, मीही मारला असता.

आता देवनागरी अंकांची गंमत. आकड्यांशिवाय काही टाइपच होऊ नये म्हणून मी कीप्रेसमध्ये (कळ दाबताच चालणाऱ्या कोडमध्ये) चार.इजडिजिट, म्हणजे टाइप केलेलं अक्षर अंक आहे का ते सांगणारं फंक्शन, लावलं होतं. नाव टाइप करून मराठी कीबोर्ड तसाच राहिला की लिटरच्या रकान्यात देवनागरी ५ उमटतो. इजडिजिट त्याला अंक म्हणतं, ट्रायपार्स म्हणत नाही. सचिवांना समोर स्वच्छ पाच दिसतोय आणि प्रोग्रॅम म्हणतोय "आकडा चुकीचा"! यात दोष टाइप करणाऱ्याचा नाही. पार्स करण्याआधी, म्हणजे मजकुराचा आकडा करण्याआधी, टिंब तसंच ठेवून प्रत्येक अंक चार.गेटन्यूमेरिकव्हॅल्यूने इंग्रजी अंकात बदलून घ्या. शिवाय कीप्रेसवर विसंबू नका, कॉपी-पेस्ट केलेलं तिथून निसटतं.

नावाला चार.इजलेटर लावण्याचा मोह तर टाळाच. 'पाटील' मधला काना आणि वेलांटी त्याच्या लेखी अक्षरं नाहीत. अर्धा गाव नापास होईल. नाव रिकामं नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे.

तपासणीची जागा म्हणजे रकान्याचा व्हॅलिडेटिंग इव्हेंट, म्हणजे रकाना सोडताना चालणारा कोड. चूक सापडली की मेसेजबॉक्स नको, एररप्रोव्हायडरची लाल खूण रकान्याशेजारी दाखवा, लुकलुकणं बंद करून. मजकूर कामाचा लिहा: "फॅट १ ते १५ मध्ये हवी, उदा. ४.२". त्या कोडमध्ये चूक कळवायला ई.कॅन्सल ट्रू केलं की माणूस त्या रकान्यात अडकतो, म्हणून फॉर्मचं ऑटोव्हॅलिडेट इनेबलअलाउफोकसचेंजवर ठेवा (मग चूक असली तरी दुसऱ्या रकान्यात जाता येतं) आणि सेव्ह करताना सगळे रकाने एकदम तपासणारं व्हॅलिडेटचिल्ड्रन बोलवा. 'रद्द' दाबल्यावर तपासणी होऊ नये म्हणून त्या बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स करायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि एकदा सचिवांनी फॉर्म बंद होईना म्हणून यूपीएसचंच बटण दाबलं.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरी, पाचवं नेहमी शून्य. तिथे कुणी इंग्रजी 'ओ' टाकला तर मी न विचारता शून्य करतो. मोबाइल नंबरातल्या मोकळ्या जागाही गुपचूप काढतो.

शेवटची चाळणी डेटाबेसमध्ये. माझा एसक्यूलाइट आहे, आणि तो रिअल (दशांश आकड्याचा) म्हटलेल्या रकान्यातही अक्षरं खुशाल ठेवून घेतो. टेबल बनवतानाच फॅटला १ ते १५ चं चेक, म्हणजे डेटाबेसनं स्वतः पाळायची अट, लावलं की ती अक्षरंही अडतात, कारण त्याच्या हिशेबात कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. आबांचं बिल मी हातानं दुरुस्त केलं, आणि चेक त्याच रात्री लावलं.