प्रसिद्ध झालेला शोधनिबंध लेखकाने स्वतः खुला कसा ठेवावा

डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी सोलापुरात झालेले संशोधन वर्गणीच्या नियतकालिकात छापून आले, की सांगोल्याच्या किंवा मोहोळच्या बागायतदाराला त्याचा सारांश तेवढा वाचता येतो आणि पुढील मजकुरासाठी पैसे मागितले जातात. सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकार भरते अशा, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी विद्यापीठांतील वाचकांची अडचण बरीच कमी झाली असली, तरी शेतकरी, खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर किंवा यंत्रमाग कारखानदार त्या योजनेत येत नाहीत. त्यांच्यापर्यंत निबंध पोहोचवण्याचा कायदेशीर आणि विनाशुल्क मार्ग बहुतेक मोठ्या प्रकाशकांनी लेखकाला दिलेला आहे. लेखकाने निबंधाची एक विशिष्ट प्रत स्वतः खुली ठेवावी, एवढाच तो मार्ग आहे. आपल्या महाविद्यालयांत त्याचा वापर फार कमी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रकाशकाचे धोरण वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: कोणती प्रत, कोठे आणि केव्हापासून. यांपैकी सर्वाधिक घोटाळा पहिल्या गोष्टीत होतो. नियतकालिकाकडे पाठवलेला मूळ मसुदा म्हणजे प्रीप्रिंट. परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून संपादकांनी स्वीकारलेला, पण प्रकाशकाने मांडणी न केलेला मजकूर म्हणजे स्वीकृत प्रत. नियतकालिकाचे बोधचिन्ह, पृष्ठांक आणि दोन स्तंभांची मांडणी असलेली पीडीएफ म्हणजे प्रकाशित प्रत. वर्गणीच्या नियतकालिकांतील परवानगी बहुधा स्वीकृत प्रतीपुरती असते आणि आपले लेखक नेमकी प्रकाशित पीडीएफ अपलोड करतात. तपासणीसाठी येणारे प्रूफसुद्धा स्वीकृत प्रत नव्हे, कारण त्याची मांडणी प्रकाशकाची असते. आपण शेवटच्या फेरीत पाठवलेली, बहुधा वर्डमधील, फाइल हीच स्वीकृत प्रत होय. स्वीकृतीचा ई-मेल येईल त्याच दिवशी ती आकृत्या व तक्त्यांसह एका पीडीएफमध्ये जतन करावी. ही फाइल बहुधा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडेच असते. तो पीएचडीचा विद्यार्थी असेल, तर पदवी घेऊन तो बाहेर पडण्यापूर्वीच मार्गदर्शकांनी ती मागून घ्यावी. नंतर ती मिळणे कठीण होते.

धोरण शोधण्यासाठी ब्रिटनमधील जिस्क या संस्थेची ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ ही विनामूल्य सेवा वापरावी. अनेकांना ती ‘शेर्पा रोमिओ’ या जुन्या नावाने परिचित आहे. नियतकालिकाचे नाव किंवा त्याची ओळख पटवणारा आयएसएसएन क्रमांक टाकल्यावर तिन्ही प्रतींच्या अटी वेगवेगळ्या दिसतात. नावे सारखी असलेली नियतकालिके पुष्कळ असल्याने आयएसएसएननेच शोधणे सुरक्षित ठरते. तेथील माहिती वाचल्यानंतर प्रकाशकाच्या संकेतस्थळावरील मूळ धोरण आणि आपण सही केलेला करारही पाहावा, कारण अखेरीस बंधनकारक असतो तो करार.

अटींमध्ये किती फरक असतो, हे काही उदाहरणांवरून लक्षात येईल. एल्सेव्हिअर ही प्रकाशन कंपनी स्वीकृत प्रत लेखकाच्या वैयक्तिक, अव्यावसायिक संकेतस्थळावर लगेच ठेवू देते. संस्थेच्या भांडारात, म्हणजे विद्यापीठ किंवा महाविद्यालय चालवत असलेल्या ऑनलाइन संग्रहात, मात्र ती नियतकालिकागणिक ठरलेली एम्बार्गोची, म्हणजे प्रत खुली न करण्याची, मुदत संपल्यावरच खुली करता येते. स्प्रिंगरच्या वर्गणीच्या नियतकालिकांतही वैयक्तिक संकेतस्थळावर लगेच परवानगी आहे आणि भांडारासाठी साधारणपणे बारा महिने थांबावे लागते. सेज हा प्रकाशक लेखकाच्या संस्थेच्या भांडारासाठी असा एम्बार्गो ठेवत नाही. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना जवळची असलेली आयईईई ही अभियंत्यांची संस्था स्वीकृत प्रत ठेवू देते, पण तिच्यावर आयईईईची कॉपीराइट सूचना असणे आवश्यक मानते. परवान्याबाबत तर दोन मोठे प्रकाशक परस्परविरुद्ध सांगतात: एल्सेव्हिअर स्वीकृत प्रतीला सीसी बाय-एनसी-एनडी हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (श्रेय देऊन, बदल न करता, अव्यावसायिक वापराची मुभा) जोडण्यास सांगते, तर स्प्रिंगर वर्गणीच्या निबंधाच्या स्वीकृत प्रतीला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लावू देत नाही. म्हणून एका निबंधासाठी पाळलेली पद्धत दुसऱ्यासाठी डोळे झाकून वापरू नये. निबंध सीसी बाय परवान्याखाली (श्रेय देऊन कोणालाही वापरण्याची मुभा) खुला प्रसिद्ध झाला असेल, तर हा सारा विचार करावा लागत नाही. श्रेय आणि परवान्याचा उल्लेख ठेवून प्रकाशित पीडीएफच कोठेही ठेवता येते.

एम्बार्गो सहसा निबंध ऑनलाइन प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात. स्वीकृतीची तारीख त्यासाठी चालत नाही. मुदत संपेपर्यंत थांबून मग अपलोड करायचे ठरवले, की ते काम विसरले जाते. डीस्पेससारख्या भांडार-प्रणालीत फाइल आज जमा करून ती अमुक तारखेला आपोआप खुली होईल अशी व्यवस्था करता येते. ग्रंथपालांना तशी विनंती करावी. संस्थेचे भांडार नसेल, तर सर्न या युरोपातील संशोधन संस्थेने चालवलेल्या झेनोडो या भांडाराचा विचार करता येतो, मात्र धोरणात अशा सर्वसाधारण भांडाराला परवानगी आहे का, हे आधी पाहावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांतील संशोधकांसाठी कृषिकोश हे भांडार आहे. संशोधकांचे समाजमाध्यम चालवणारी रिसर्चगेट ही खासगी कंपनी असल्याने अनेक धोरणांत तिला भांडार मानलेले नाही, आणि २०१७ मध्ये एल्सेव्हिअर व अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्यावर जर्मनीत दावाही केला होता. तेथे प्रकाशित पीडीएफ चढवण्याऐवजी भांडारातील प्रतीचा दुवा द्यावा.

अपलोड करण्यापूर्वी पहिल्या पानावर एक टीप लिहावी. तिचा मजकूर प्रकाशकाने ठरवून दिला असेल तर तोच घ्यावा, अन्यथा डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक) देऊन असे लिहिता येईल: ‘ही परीक्षणानंतर स्वीकारलेली प्रत आहे. निबंध अमुक नियतकालिकात अमुक वर्षी प्रसिद्ध झाला असून अंतिम प्रत पुढील डीओआय दुव्यावर उपलब्ध आहे.’ संदर्भ देणारा वाचक त्यामुळे थेट अंतिम प्रतीकडे जातो.

आपल्याकडील अनेक लहान नियतकालिके कोणत्याच सूचीत सापडत नाहीत आणि त्यांच्या कॉपीराइट अर्जावर दोन-तीनच ओळी असतात. अशा वेळी भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १९ लेखकाने जरूर वाचावे. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. लेखी हस्तांतरण झालेलेच नसेल, तर हक्क सर्वसाधारणपणे लेखकाकडेच राहतो. तरीही संपादकांना ई-मेल करून स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवण्याची लेखी संमती घ्यावी आणि ते उत्तर त्या फाइलसोबतच जपून ठेवावे.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. प्रबंधाच्या शेवटी प्रकाशित निबंधांच्या छापील प्रती परिशिष्ट म्हणून जोडण्याची रीत आहे आणि तोच प्रबंध पुढे शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुला होतो. काही प्रकाशक प्रबंधात निबंध घेऊ देतात, काही त्यासाठी अटी घालतात. त्यामुळे प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक निबंधाचे धोरण तपासावे आणि जेथे परवानगी स्पष्ट नसेल तेथे प्रकाशित पीडीएफऐवजी निबंधाचे पहिले पान किंवा केवळ डीओआय दुवा जोडण्याबाबत मार्गदर्शकांशी बोलून घ्यावे.