हळदवाल्यांनो, औषध राहू द्या, आधी चर उकरा

पाऊस तीन दिवसांपासून लागून आहे म्हणून आज बाकीचं सोडून एवढंच लिहितो. ज्याच्या वावरात हळद आहे त्यानं छत्री घेऊन खालच्या धुऱ्यावर (बांधावर) जावं अन् पाहावं, सरीतलं पाणी बाहेर निघते का तिथंच थांबते. पानं पिवळी पडली, कोणतं औषध मारू, असा फोटो पाठवू नका. पाणी पाहून या, मग विचारा.

दरवर्षी हेच पाहतो भाऊ. गादीवाफा (उंच वाफा) केला, ड्रिप टाकलं, सेलम जातीचं महागाचं बेणं आणलं, एकरी १० क्विंटल लावलं, अन् धुऱ्याचा चर? तो ट्रॅक्टर वळवताना बुजला तो तसाच. आपली जमीन काळी, भारी, एकदा भरली की चार-चार दिवस वाफसा (ओल अन् हवा बरोबरीची) येत नाही, मग पिथियम बुरशीचं काम सुरू अन् कंदकूज एका कोपऱ्यातून उताराने पसरत जाते. मागं एका वावरात अर्धा एकर असंच गेलं, त्या माणसानं तोवर तीन आळवण्या (औषधाचं पाणी झाडाच्या बुडाशी ओतणं) केल्या होत्या. चर काढला नव्हता.

जुनं ते सोनं म्हणणारा मी नाही. आजोबांच्या काळी सपाट वाफ्यात हळद लावत, उत्पन्न कमीच यायचं, गादीवाफा त्याहून शंभर टक्के बरा. पण ते लोक उन्हाळ्यात चर साफ केल्याशिवाय लागवडीला हात लावत नसत. आता तर पाऊस पडत असताना ड्रिप चालू असते, काहून तं शेड्यूलमध्ये आज विद्राव्य खत आहे! शेड्यूल कोणी दिलं तं दुकानदारानं. वरून कंदवाढीचं किट, टॉनिक, ह्युमिक, उधारीवर. पाणी थांबलेल्या वावरात मुळंच श्वास घेत नाहीत, ती टॉनिक कुठून उचलणार? ड्रिप बंद करा, खत वाफसा आल्यावर.

कंदकुजीची ओळख सोपी आहे. पान शेंड्याकडून कडेकडेनं पिवळं पडून वाळते, बुंधा दाबला की मऊ, तपकिरी, ओढला की सुळकन हातात येते अन् घाण वास मारते.

माझा एक अंदाज, पुस्तकात नाही: पाऊस थांबल्यावर सहा तासांनी सरीत अनवाणी टाच रोवा, खड्डा पाण्यानं भरला तर आठ-दहा दिवसांत त्या कोपऱ्यात कूज दिसतेच. माझा तरी क्वचितच चुकला.

आता शिफारशीचं. चर काढून पाणी निघाल्यावरच कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक ५ ग्रॅम प्रति लिटर, कुजलेल्या झाडाभोवती अन् आजूबाजूच्या चांगल्या झाडांनाही आळवणी. कुजलेले कंद उपटून वावराबाहेर न्या, धुऱ्यावर फेकू नका. लागण नसेल तर ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी एकरी २ ते २.५ किलो, २५० ते ३०० किलो शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना. तांब्याचं औषध अन् ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊन दोन्हीचे पैसे पाण्यात घालू नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

कंदमाशी याच्याच मागं येते, उघड्या अन् सडक्या कंदावर. एरंडीचं भरड २०० ग्रॅम, पाणी एक-दीड लिटर, मडक्यात आंबवून एकरी सहा ठिकाणी ठेवा. दुकानातल्या सापळ्यापेक्षा मला हेच पटते. जास्त दिसली तर क्विनॉलफॉस २५ टक्के हे कीटकनाशक, २० मिली १० लिटर पाण्यात.

बाकी कामं:
– निंदण
– भरणी (झाडाला माती लावणं) लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी, उघडे कंद झाकून
– नत्राचा दुसरा हप्ता भरणीसोबतच, त्यानंतर युरिया नाही
– पानावरचे ठिपके: मॅन्कोझेब बुरशीनाशक २५ ग्रॅम १० लिटरला, उघाड पाहून

चर किती खोल विचाराल तर सरीच्या तळापेक्षा एक वीत तरी खाली, अन् पाणी शेजाऱ्याच्या वावरात न सोडता नाल्यात सोडा. शेजारी अडवत असेल तर पोळ्याआधीच बोलून घ्या, बैल सजवायच्या गडबडीत कोणी ऐकत नाही.