डायकॅटायनचं आयुष्य मोजताय? या चुका टाळा

डायकॅटायन म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू, आणि तुटण्याआधी तो जेवढा वेळ टिकतो ते त्याचं आयुष्य. बरेच जण सुरुवातच नायट्रोजनने करतात, सिलिंडर हाताशी असतो ना, आणि तिथेच फसतात. दोन इलेक्ट्रॉन गेलेल्या एन-टूचं एम बाय झेड (वस्तुमान भागिले विद्युतभार) १४ आणि तुटून निघालेल्या एन-प्लसचंही (एक इलेक्ट्रॉन गेलेल्या एकट्या अणूचंही) १४च, म्हणजे टाइम ऑफ फ्लाइटमध्ये (आयनला डिटेक्टरपर्यंत उडत यायला लागणारा वेळ मोजतात त्यात) दोघं एकाच जागी. ग्राफवर टोकदार पीक दिसलं की लगेच 'स्टेबल डायकॅटायन मिळाला' म्हणून मोकळे! अहो, जोरात उडालेल्या तुकड्यांचं पीक पसरट येतं हे खरं, पण हळू सुटलेले एन-प्लससुद्धा टोकदारच दिसतात. गॅसवर मारायचा इलेक्ट्रॉन बीम ३५ ईव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेवर आणून बघा, डबल आयनायझेशनला साधारण ४३ लागतात, तरीही टोक उरलं तर ते डायकॅटायनचं नव्हतंच. माझं ऐकाल तर सुरुवात कार्बन डायऑक्साइडने करा, त्याचा डायकॅटायन २२ वर येतो, तिथे तुकड्यांची गर्दी नसते.

दुसरी चूक मला सगळ्यात खटकते. कोइन्सिडन्स मॅपवर, म्हणजे एकत्र सापडलेल्या तुकड्यांच्या जोड्यांच्या वेळांच्या ग्राफवर, सीओ-प्लस आणि ओ-प्लस (कार्बन डायऑक्साइडच्या डायकॅटायनचे दोन तुकडे) यांच्या ठिपक्यापासून निघालेली फिकट शेपटी काही जण नॉइज समजून कापून टाकतात. भाऊ, तेच तर मोजायचंय! ते आयन मायक्रोसेकंदभर जगून उडता उडता तुटलेत, आयुष्य त्या शेपटीतूनच निघतं. आणि 'स्टेबल' लिहिताना फ्लाइट टाइमही लिहा, कारण त्याहून जास्त जगलेला प्रत्येक आयन तुमच्या मशीनला अमरच वाटतो.

एक्स्ट्रॅक्शन फील्ड, म्हणजे आयनांना डिटेक्टरकडे खेचणारं विद्युत क्षेत्र, कमी ठेवलं तर आडवे उडालेले तुकडे डिटेक्टरला चुकवून जातात आणि डायकॅटायन आहे त्यापेक्षा टिकाऊ भासतो, म्हणून तुकडे आणि डायकॅटायनचं गुणोत्तर स्थिर होईपर्यंत फील्ड वाढवत न्या. काउंट रेट कमीच ठेवा, नाहीतर वेगवेगळ्या रेणूंच्या तुकड्यांच्या फुकटच्या जोड्या जुळतात.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात लॅबमध्ये कूलर घरघरून राहिला असतो आणि त्याच दमट हवेत आपण व्हॅक्यूम चेंबर उघडतो, पाणी भिंतींना चिकटतं, मग त्याचं १८ चं पीक दिवसभर हटत नाही, पंप कितीही चालू द्या. डायकॅटायन या उरलेल्या गॅसकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि आयुष्य खोटं कमी दिसतं. वेगवेगळ्या प्रेशरला रीडिंग घेऊन शून्य प्रेशरपर्यंत रेषा वाढवा. आणि चेंबर उघडायचंच असेल तर कूलर आधी बंद करा, ड्राय नायट्रोजन भरा, घाम आला तर येऊ द्या.