गेमिंग पीसीसाठी महागडा मदरबोर्ड घेताय? आधी मॅन्युअलमधलं एक पान उघडा

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. महागड्या मदरबोर्डने एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढत नाहीत. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर आणि एखादं दणकट ग्राफिक्स कार्ड तुम्ही साध्या बी८५० बोर्डवर लावा नाहीतर त्याच्या तिप्पट किमतीच्या एक्स८७०ई वर लावा, गेममध्ये फरक शोधायला भिंग लागेल. दुकानदार हे सांगणार नाही, तो म्हणणार "सर एवढा भारी प्रोसेसर घेताय तर बोर्ड पण टॉपचा घ्या ना". मला लॅमिंग्टन रोडवर एकाच दुपारी तीन दुकानांत हेच वाक्य ऐकायला मिळालं, जणू तिघांनी एकत्र बसून पाठ केलंय.

मग एवढे पैसे देऊन मिळतं काय? स्लॉट मिळतात, पोर्ट मिळतात, आणि काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लवकर कळतं. यातलं तुम्हाला खरंच काय लागणार आहे ते घरी बसून ठरवायचं, दुकानात आरजीबी बघून नाही. मी इथे एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डांबद्दलच बोलतोय कारण हात त्यातच घातलेत, पण इंटेलच्या झेड८९० ला पण बहुतेक हाच हिशोब लागू होतो.

लेन म्हणजे काय आणि त्या कुठे जातात

महागड्या बोर्डाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं एसएसडीसाठी पाच एम.२ स्लॉट, दोन यूएसबी४, अमुक इतके साटा (जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हचे पोर्ट). वाचून वाटतं सगळं एकदम फुल स्पीडने चालणार. नाही चालत. रायझन ७००० आणि ९००० सिरीजच्या प्रोसेसरमधून २८ पीसीआयई लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, निघतात, त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डला, ४ पहिल्या एम.२ ला, ४ अजून कशाला तरी आणि ४ चिपसेटला, म्हणजे बोर्डवरच्या मदतनीस चिपला. बोर्डवर बाकी जे काही दिसतं, जास्तीचे एम.२, बरेचसे यूएसबी, साटा, लॅन, वायफाय, ते सगळं चिपसेटला लटकलेलं असतं आणि चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ता फक्त पीसीआयई ४.० च्या चार लेनचा. चाळीत खोल्या वीस आणि नळ एक, तसा प्रकार. एक्स८७०ई मध्ये चिपसेटच्या दोन चिप असतात म्हणून लोकांना वाटतं दुप्पट काहीतरी मिळालं, पण दुसरी चिप पहिलीलाच जोडलेली असते, म्हणजे खोल्या वाढल्या, नळ तोच. रोजच्या वापरात याचा त्रास होत नाही कारण सगळे एकदम बादली घेऊन येत नाहीत, पण माहिती असलेली बरी.

आता ती "अजून कशाला तरी" वाल्या ४ लेन. एक्स८७० आणि एक्स८७०ई वर यूएसबी४ देणं एएमडीने सक्तीचं केलंय, आणि बऱ्याच बोर्डांवर त्याचा कंट्रोलर याच ४ लेन खातो. मग दुसऱ्या जेन ५ (म्हणजे पीसीआयई ५.०) एम.२ ला लेन आणायच्या कुठून? काही बोर्ड त्या यूएसबी४ बरोबर वाटून घेतात, म्हणजे दोघांना दोन-दोन नाहीतर एकालाच चार. काही बोर्ड सरळ ग्राफिक्स कार्डाच्या १६ मधून काढतात. आणि हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. नाशिकला त्याने हौसेने एक्स८७०ई बोर्ड घेतला, दोन एसएसडी लावल्या, एक वरच्या स्लॉटमध्ये आणि दुसरी त्याच्या खालच्या, कारण तो समोर दिसला. विंडोज टाकलं, जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर बस इंटरफेसच्या रकान्यात कार्ड एक्स१६, म्हणजे सोळा लेनचं, आणि चालतंय एक्स८. रात्री साडेअकराला फोन, कार्ड खराब आलंय, उद्या परत करतो. म्हटलं थांब. मॅन्युअलची पीडीएफ उघडायला लावली, स्पेसिफिकेशनच्या टेबलाखाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप, अमुक एम.२ स्लॉट वापरला तर एक्स१६ स्लॉट एक्स८ ला चालेल. एसएसडी काढून चिपसेटवाल्या स्लॉटमध्ये टाकली, कार्ड परत एक्स१६. आणि खरं सांगू का, आधी आणि नंतर त्याने तोच गेम लावून बघितला तर त्याला काडीचा फरक दिसला नाही, कारण जेन ५ च्या आठ लेन म्हणजे जेन ४ च्या सोळा लेनएवढा रस्ता, तेवढा आजच्या कार्डांना पुरतो. पण साठ हजार मोजून एक्स८ बघवत नाही हे पण खरं.

म्हणून बोर्ड फायनल करायच्या आधी कंपनीच्या सपोर्ट पेजवरून मॅन्युअल डाउनलोड करा आणि दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे ब्लॉक डायग्राम, त्यात कुठला स्लॉट प्रोसेसरला आणि कुठला चिपसेटला जातो त्याच्या रेघा असतात. दुसरं म्हणजे पीडीएफमध्ये "शेअर" आणि "डिसेबल" हे दोन इंग्रजी शब्द सर्च करा. मग तुमच्याकडच्या एसएसडी, कॅप्चर कार्ड, जे काय असेल ते त्या स्लॉटांत कागदावर बसवून बघा. बसलं तर बोर्ड तुमचा.

जाता जाता, आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० टीआय असेल तर ती कार्डं मुळातच आठ लेनची आहेत, तिथे एक्स८ दिसलं म्हणून बोर्ड बदलायला धावू नका. आणि कार्ड रिकामं बसलेलं असताना जीपीयू-झेड लिंकचा स्पीड कमी दाखवतो, बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, मग खरा आकडा दिसतो.

व्हीआरएमचे आकडे

१६+२+२ फेज (पॉवरचा भार वाटून घेणारे भाग), ११० अँपिअरचे पॉवर स्टेज, ही जाहिरातीतली आवडती भाषा. व्हीआरएम म्हणजे बोर्डवरचं पॉवरचं सर्किट, त्याचं काम एवढंच की पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट खाली आणून प्रोसेसरला साधारण १.२ च्या आसपास द्यायचे. आता हिशोब करा. ९८००एक्स३डी ची कमाल मर्यादा १६२ वॅट, भागिले १.२, झाले १३५ अँपिअर, आणि गेम खेळताना तर तो त्याच्या बराच खाली असतो. बरा मधला बोर्ड घेतला, १४ फेज आणि प्रत्येकी ८० अँपिअर, तर कागदावर ११२० अँपिअर. म्हणजे घरात माणसं चार आणि पातेलं लग्नाचं. ९९५०एक्स वर दिवसभर रेंडरिंग करणार असाल तर (तो साधारण २०० वॅटपर्यंत जातो) चांगला व्हीआरएम घ्या, नुसत्या गेमिंगला तो महागड्या बोर्डाचं कारण होऊ शकत नाही.

फेजपेक्षा व्हीआरएमवरचा हीटसिंक बघा. जाड, चरे पाडलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा हवा, वरून नुसतं प्लास्टिकचं चिलखत नको. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, अकोला-जळगावकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री असतं आणि खोलीत पण काही काश्मीर नसतं. त्यात लिक्विड कूलर लावला की सॉकेटच्या आजूबाजूला फिरणारी हवा बंद होते, टॉवर कूलरची थोडी तरी हवा व्हीआरएमला मिळायची ती पण गेली. मागचा फॅन काढू नका, एवढंच.

रॅम

चार स्लॉट दिसतात म्हणून चार स्टिक घेऊ नका. डीडीआर५ मध्ये एएम५ वर चार स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, दोन असतील तर ९००० सिरीजला ५६००, आणि एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर स्पीडवर चालवायची सेटिंग) ऑन करून ६००० सीएल३० रॅम बहुतेक ठिकाणी आरामात चालतं. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन, ६४ हवी तर ३२ च्या दोन. लावायच्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आठ हजाराच्या वरचा स्पीड खोक्यावर छापलेला असतो त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, एक्स३डी प्रोसेसरला त्याच्या आतल्या मोठ्या कॅश मेमरीमुळे रॅमच्या स्पीडचं तसंही फार कौतुक नसतं.

ज्यासाठी मी खरंच पैसे देईन

बायोस फ्लॅशबॅकचं बटण. बायोस म्हणजे बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर. दुकानातला बोर्ड गोडाऊनमध्ये किती महिने पडून होता देव जाणे, त्यातला बायोस तुमच्या नव्या प्रोसेसरच्या आधीचा असेल तर पीसी चालूच होत नाही, स्क्रीन काळी. हे बटण असेल तर प्रोसेसर, रॅम काहीच नसताना बायोस टाकता येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साईटवरची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने सेव्ह करायची (नाव एका अक्षराने चुकलं तरी घेत नाही), मागे ज्या यूएसबी पोर्टला खूण केलेली असते त्यातच लावायचा, पॉवर सप्लाय ऑन, बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. लाइट लुकलुकायला लागली की हात बाजूला, पाच-सात मिनिटं कोणालाही मेन स्विचजवळ जाऊ देऊ नका. लाइट लगेच विझली किंवा न लुकलुकता तशीच राहिली तर फाइलचं नाव नाहीतर पोर्ट चुकलाय.

दुसरं म्हणजे दोन आकडी डिबग डिस्प्ले. स्वस्त बोर्डवर चार छोट्या लाइट असतात, रॅम, सीपीयू, व्हीजीए, बूट, त्या पण चालतात. पण आकडे असले की मॅन्युअलमध्ये बघून नेमकं कुठे अडकलंय ते कळतं. आणि एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना घाबरायचं नाही, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालतं तेव्हा पाच-दहा मिनिटं सुद्धा स्क्रीन काळी राहू शकते. मी पहिल्यांदा दोन मिनिटांत बटण दाबून बंद केला, परत चालू केला, परत बंद, असं तासभर चाललं. शेवटी चहा टाकायला गेलो म्हणून तो बिचारा चालू झाला.

तिसरं, ग्राफिक्स कार्ड काढायचं बटण किंवा सोपा लॅच. हसू नका. आजची कार्डं तीन-साडेतीन स्लॉटची, त्यांच्याखाली स्लॉटची खिट्टी दिसत पण नाही, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकताना बोर्डवर ओरखडा गेला तर पैसे पाण्यात.

ज्यासाठी देणार नाही

१० गिगाबिट लॅन. घरचं इंटरनेट तीनशे एमबीपीएसचं, २.५ गिगाबिट सुद्धा जास्त आहे, घरात नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) असेल तरच विचार करा. भारी ऑडिओ चिप पण तसंच, तुमचा हेडसेट यूएसबीचा असेल तर त्याचा डॅक (आवाज तयार करणारी चिप) त्याच्या आतच असतो, बोर्डचा ऑडिओ नुसता बसून राहतो. कनेक्टर मागच्या बाजूला असलेले बोर्ड दिसायला सुंदर असतात, पण त्यांना तशाच भोकांची कॅबिनेट लागते. आणि ई-एटीएक्स घेताना रुंदी मोजा, एटीएक्सची २४४ मिलिमीटर असते, ई-एटीएक्स म्हणून विकतात ते बरेच २७७ चे, ते कॅबिनेटमध्ये बसतात पण वायरी काढायची रबरी भोकं झाकून टाकतात.

बोर्ड हातात आल्यावर

दुकानातच खोकं उघडा, सॉकेटचं झाकण वर करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिना बघा. सगळ्या एका रेषेत चमकल्या पाहिजेत, शेतातल्या रोपांसारख्या, एखादी ओळ वेगळी चमकली तर पिन वाकलेली आहे. १७१८ पिना आहेत, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. "आतून सील आहे सर, काही होत नाही" असं म्हणतील, तरी उघडायचं.

जोडताना एम.२ च्या हीटसिंकखाली थर्मल पॅडवर एक पातळ पारदर्शक फिल्म असते ती सोला. मी सोलली नव्हती, एसएसडी महिनाभर सत्तर-ऐंशी डिग्रीवर तापत होती आणि मी कंपनीला नावं ठेवत होतो. विंडोज टाकायच्या आधी वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, नव्या वायफाय ७ चिपचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बहुतेक नसतो आणि इन्स्टॉल इंटरनेटच्या पानावर येऊन अडतं. वायफायचा अँटेना पण लावा, खोक्याच्या तळाशी राहतो.

चालू झाल्यावर बायोस अपडेट करा, मग एक्स्पो ऑन करा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसओसी (प्रोसेसरच्या आतला एक भाग) व्होल्टेज १.३ च्या वर नाही ना ते बघा. २०२३ मध्ये ७००० सिरीजचे एक्स३डी प्रोसेसर याच व्होल्टेजमुळे जळल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यानंतर एएमडीने ही मर्यादा घातली. दर वेळी बूट व्हायला मिनिटभर लागत असेल तर बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (दर वेळचं रॅमचं ट्रेनिंग टाळणारी सेटिंग) ऑन करा, पीसी अडखळायला लागला तर परत ऑफ. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बोर्डला दोष देऊ नका, आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या.

आणि सॉकेटवरचं ते काळं प्लास्टिकचं झाकण, प्रोसेसर बसवला की टुणकन उडून बाहेर येतं ते, फेकू नका. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते लावलेलं लागतं, नाहीतर वाटेत पिना वाकतात आणि खापर तुमच्यावर. मावसभावाचं दिवाळीच्या साफसफाईत खोक्यासकट गेलं. माझं देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, कापूर आणि काडेपेटीच्या शेजारी, आणि आईला सांगून ठेवलंय की याला हात लावायचा नाही.