कॅल्शियम आणि लिपिड मेम्ब्रेन: सिम्युलेशन लावताना

कॅल्शियम आयन मेम्ब्रेनला किती चिकटतात याचं सिम्युलेशन (संगणकावर अणूंची हालचाल पायरीपायरीने काढणं) लावायचं असेल तर सुरुवात नुसत्या पीओपीसीपासून करा, म्हणजे एकूण भार शून्य असलेल्या एका लिपिडापासून. कोलेस्टेरॉल, प्रथिनं, पीओपीएससारखं ऋणभारित लिपिड हे सगळं नंतर. पीओपीसीवर कॅल्शियम किती चिकटतं याची एनएमआर (अणुकेंद्रकांचा चुंबकीय प्रतिसाद टिपणारी पद्धत) मोजमापं आहेत, आणि ज्याला ताडून पाहता येत नाही असं सिम्युलेशन मी तरी लावत नाही.

चार्म-जीयूआय या वेब-साधनाच्या मेम्ब्रेन बिल्डरमध्ये प्रत्येक थरात 100 लिपिड घ्या. दर लिपिडमागे पाण्याचे 50 रेणू, म्हणजे एकूण 10,000. पाण्यात काटकसर नको, नाहीतर दोन पृष्ठभागांच्या मधे मोकळं द्रावण उरतच नाही. एवढ्या पाण्यात 18 कॅल्शियम आयन टाकले की साधारण 0.1 मोलर होतं. भार जुळवायला 36 क्लोराइड.

आता खरी मेख. फोर्स फील्ड, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणारी सूत्रं आणि आकडे. आयनवर पूर्ण +2 भार ठेवला की बऱ्याच फोर्स फील्डमध्ये कॅल्शियम फॉस्फेटला गच्च चिकटून बसतं, प्रयोगात दिसतं त्याहून कितीतरी जास्त. कारण साधं आहे: या मॉडेलांत इलेक्ट्रॉनांचं ध्रुवीकरण नसतं, त्यामुळे भारांमधली ओढ जेवढी सौम्य व्हायला हवी तेवढी होत नाही. एक उपाय म्हणजे भार 0.75 ने गुणणं. हा आकडा हवेतून आलेला नाही. पाण्याचा इलेक्ट्रॉनिक परावैद्युतांक 1.78 धरला तर त्याच्या वर्गमुळाचा व्यस्त एवढाच येतो. कॅल्शियम +1.5, क्लोराइड −0.75. मात्र हे आयन त्यांच्यासाठीच बेतलेल्या लिपिडांबरोबर वापरा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं कडबोळं केलंत तर आलेख देखणा येईल आणि अर्थ काहीच नसेल. दुसरा उपाय एनबीफिक्स, म्हणजे ठरावीक आयन-ऑक्सिजन जोड्यांपुरती लेनार्ड-जोन्स आकड्यांची (अणूंमधलं भाराव्यतिरिक्तचं आकर्षण-प्रतिकर्षण ठरवणाऱ्या) दुरुस्ती.

ग्रोमॅक्स या सिम्युलेशन चालवणाऱ्या प्रोग्राममधली बाकीची मांडणी नेहमीचीच: 2 फेम्टोसेकंदांची पायरी, पीएमई (दूरवरच्या भारांमधली बलं काढायची पद्धत), 1 बार दाब सेमीआयसोट्रॉपिक (मेम्ब्रेनच्या प्रतलात आणि उभ्या दिशेत वेगवेगळा सांभाळलेला), तापमान प्रयोगाचं असेल तेच.

किती वेळ चालवायचं? 100 नॅनोसेकंदांवर थांबणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चिकटलेल्या आयनांची संख्या स्थिरावायला शेकडो नॅनोसेकंद, कधी मायक्रोसेकंदही लागतात. फॉस्फेट किंवा कार्बोनिल ऑक्सिजनपासून 0.3 नॅनोमीटरच्या आतला आयन 'चिकटलेला' धरा (आरडीएफचं, म्हणजे आयनापासून कुठल्या अंतरावर किती ऑक्सिजन सापडतात त्या आलेखाचं, पहिलं शिखर 0.24 च्या आसपास येतं) आणि ही संख्या वेळेनुसार काढा. दोन सुरुवाती घ्या, एकीत सगळे आयन पाण्यात, दुसरीत पृष्ठभागावर. दोन्ही रेषा एकमेकींना भेटल्या नाहीत तर अजून चालवा. मॅग्नेशियमच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. त्याच्याभोवतीच्या पहिल्या कवचातलं पाणी बदलायलाच मायक्रोसेकंद लागतात.

मग तपासणी. लिपिडाच्या डोक्याकडच्या अल्फा आणि बीटा कार्बनांचे ऑर्डर पॅरामीटर (त्यांचे कार्बन-हायड्रोजन बंध सरासरी कसे कललेले आहेत ते सांगणारे आकडे) काढा. धन आयन चिकटले की दोन्ही खाली जातात, आणि किती खाली गेले ते एनएमआरशी थेट जुळवता येतं. तुलना करताना सुरुवातीचं 0.1 मोलर वापरू नका. काही आयन मेम्ब्रेनवर गेलेले असतात, म्हणून घनतेच्या आलेखात पाण्याच्या मधोमध जी सांद्रता उरली असेल तीच ऑर्डर पॅरामीटरच्या आलेखात आडव्या अक्षावर मांडा.